इंग्रजी भाषेतील संभव



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींना हा गणिताचा तास असावा असे वाटले असेल, तर काहींना व्याकरणाचा. दोन्ही तर्क अर्धेमुर्धे खरे आहेत. परंतु या पहिल्याच वाक्यात आम्ही ‘असावा’ आणि ‘असेल’ असे दोन शब्द सहज बोलून गेलो व आपणही ते सहज ऐकून घेतलेत. त्या दोहोंत फरक काय, हे कोणी विचारले नाही. कारण तो आपल्या कानाला ठाऊक आहे. परक्या भाषेत नेमका हाच कान आपल्याजवळ नसतो. इंग्रजी आपण शाळेत शिकलो, तिच्यात परीक्षा दिल्या, तिच्यात नोकरीचे अर्ज लिहिले. पण इंग्रज किंवा अमेरिकन मनुष्य एखादी गोष्ट घडेल की न घडेल याविषयी बोलू लागला, म्हणजे तो सोळा आण्यांतले किती आणे बोलतो आहे, हे आपल्याला उमगत नाही. दवाखान्याचा अहवाल, विमा कंपनीचे पत्र, परदेशी विद्यापीठाचा खलिता, न्यायालयाचा निकाल हे सारे कागद आपल्या घरी इंग्रजीतच येतात, आणि त्यांतला कळीचा शब्द बहुधा असाच एखादा लहानसा, ओळीच्या मध्ये दडून बसलेला असतो.

शाळेत आम्हांला ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मे’ म्हणजे परवानगी आणि ‘मस्ट’ म्हणजे सक्ती असे पाठ करून घेतले होते. ते चुकीचे नव्हते; अपुरे होते. लंडनमधल्या एखाद्या घराची कल्पना करा. सकाळची वेळ आहे, गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसला आहे आणि दारावरची घंटा वाजते. तो उठत नाही, नुसते बोलतो. ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणाला, तर पोस्टमन असणार. ‘दॅट मस्ट बी द पोस्टमन’ म्हणाला, तर पोस्टमनच असला पाहिजे. ‘शुड बी’ म्हणाला, तर वेळेच्या हिशेबाने तोच असायला हवा. ‘मे बी’ म्हणाला, तर पोस्टमन असेल. ‘माइट’ किंवा ‘कुड’ म्हणाला, तर पोस्टमन असूही शकेल. आणि ‘कान्ट बी’ म्हणाला, तर आज रविवार आहे, पोस्टमन असणे शक्य नाही.

यांत एक गंमत आपल्या ध्यानात आली असेल. घंटा आता वाजली आहे, माणूस आता दाराशी उभा आहे. तरीही ‘विल’ हा भविष्यकाळाचा म्हणून शिकवलेला शब्द इथे चालतो. भविष्यकाळ हा इथे काळ नसून तर्क आहे. मराठीतही तसेच आहे. ‘तो आता घरी असेल’ या वाक्यात काळ कोणता? रूप भविष्याचे, गोष्ट वर्तमानाची.

दुसरी गंमत ‘मस्ट’ची. ‘मस्ट’ हा फार जोरदार शब्द, असे आपण समजतो. परंतु ‘ही इज ॲट होम’ आणि ‘ही मस्ट बी ॲट होम’ यांत अधिक खात्रीचे वाक्य कोणते? पहिले! ज्याने डोळ्यांनी पाहिले तो नुसते ‘आहे’ म्हणतो. ज्याने खिडकीतला दिवा पाहिला, दारातल्या चपला पाहिल्या, पण माणूस पाहिला नाही, तोच ‘असला पाहिजे’ म्हणतो. म्हणजे जोर लावावा लागला हीच खात्री उणी असल्याची खूण. पोलिसांच्या जबानीत, वकिलाच्या पत्रात, इतिहासाच्या पुस्तकात ‘मस्ट हॅव बीन’ आले, की समजावे, लेखकाने ते पाहिलेले नाही. तो पुराव्यावरून चालला आहे, आणि पुरावा संपला तेथे त्याने उडी मारली आहे.

थोडक्यात, इंग्रजीची ही लहान क्रियापदे केवळ खात्री किती हे सांगत नाहीत. ती खात्री कशावरून हेही सांगतात. ‘मस्ट’ खुणांवरून बोलतो. ‘विल’ माणसाच्या रोजच्या सवयीवरून बोलतो. ‘शुड’ सर्व काही सुरळीत चालले तर काय व्हावे यावरून बोलतो, आणि म्हणून ‘शुड’ बहुतकरून चांगल्या गोष्टीच्याच वाट्याला येतो. ‘यू शुड बी ऑल राइट इन अ वीक’, आठवड्यात तुम्ही बरे व्हाल असा हिशेब आहे, असे डॉक्टर म्हणतो. ‘इट शुड बी कॅन्सर’ असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ येतात. आपल्याकडील मुले पुष्कळदा ‘शुड’ हा ‘पाहिजे’चा सरळ प्रतिशब्द समजून वापरतात व ऐकणारा इंग्रज चमकतो; कारण त्याला त्या वाक्यात नकळत एक इच्छा ऐकू येते.

येथे मराठीचा एक विशेष सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘मस्ट’ हा एकच शब्द सक्तीला आणि तर्कालाही कसा चालतो, याचे विद्यार्थ्याला नवल वाटते. परंतु ‘तू वेळेवर आले पाहिजे’ आणि ‘तो आला असला पाहिजे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात तर्क आहे, आणि शब्द एकच आहे. ‘मुलाने नम्र असावे’ आणि ‘मुलगा घरी असावा’ यांतही तेच. आपल्या व्याकरणकारांनी याला विध्यर्थ म्हटले. विधी म्हणजे आज्ञा. जी भाषा माणसाला आज्ञा करते तीच बुद्धीलाही आज्ञा करते, की अशा खुणा दिसल्यावर तू हेच मानले पाहिजेस. दोन दूरच्या भाषांनी एकच वाट धरावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

नकाराला मात्र वाट वाकडी होते. इंग्लंडमध्ये ‘मस्ट बी’चा नकार बहुधा ‘कान्ट बी’ असा होतो. ‘मस्टन्ट’ म्हटले की ती मनाई झाली. अमेरिकेत मात्र ‘ही मस्ट नॉट बी होम’, म्हणजे तो घरी नसावा, असे सर्रास बोलतात. ‘ही मे नॉट कम’ याचे तर दोन अर्थ: तो कदाचित येणार नाही, आणि त्याला येण्याची परवानगी नाही. बोलताना स्वरावरून उलगडा होतो. कागदावर स्वर नसतो. नियमांच्या आणि करारांच्या कागदात हा एकच ‘मे नॉट’ भेटला, तर तो मनाईचा समजावा. बातमीत भेटला, तर शंकेचा.

पण सगळ्यांत महाग पडणारा घोटाळा ‘मे हॅव’ आणि ‘माइट हॅव’ यांचा आहे. ‘माइट’ हे मुळात ‘मे’चेच भूतकाळी रूप. आज रोजच्या बोलण्यात दोहोंतले अंतर फार थोडे उरले आहे. ‘माइट’मध्ये शक्यता किंचित दूरची, एवढेच. परंतु एका जागी ते अंतर जीवनमरणाचे आहे. ‘द ऑपरेशन मे हॅव सेव्ड हिम’ म्हणजे त्या शस्त्रक्रियेने तो कदाचित वाचला असेल. आम्हांला अजून कळलेले नाही. ‘द ऑपरेशन माइट हॅव सेव्ड हिम’ म्हणजे, जुन्या काटेकोर रिवाजाने, शस्त्रक्रिया झाली असती तर तो वाचला असता. आता तो नाही. मराठीत ‘वाचला असेल’ आणि ‘वाचला असता’ यांची गल्लत शाळकरी पोरही करणार नाही. इंग्रजीत ती इंग्रजांचीच वर्तमानपत्रे करतात, व तेथील जुने भाषापंडित त्यावर कपाळाला हात लावतात. तेव्हा नातलगाविषयी परदेशातून आलेल्या पत्रात हे दोन शब्द दिसले, तर एकट्या त्या शब्दावर विसंबू नये. पुढचे वाक्य वाचावे.

आता क्रियापदे सोडून सुट्या शब्दांकडे वळू. ‘पॉसिबल’ म्हणजे शक्य आणि ‘प्रॉबेबल’ म्हणजे संभाव्य, होण्याकडे अधिक झुकलेले. हा भेद आपल्या वृत्तपत्रांच्या भाषांतरात वारंवार पुसला जातो. सरकारचा प्रवक्ता ‘पॉसिबल’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘दाट शक्यता’. शक्य तर पुष्कळ असते! उद्या या मंडपावर वीज पडणे शक्य आहे. म्हणून कोणी घरी निघालेले दिसत नाही.

‘प्रॉबेबल’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी परखून पाहणे, पसंत करणे असा अर्थ आहे, आणि फार काळ ‘प्रॉबेबल’ मत म्हणजे जाणत्यांनी मान्य केलेले मत, असेच समजत. फाशांच्या खेळावरून पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत १६५४ साली पत्रव्यवहार झाला, तेथून संभवाचे गणित सुरू झाले असे मानतात. शब्दाला आकड्यांचा वास लागला तो त्यानंतर. ‘लाइकली’ची कुळकथा वेगळी आहे. तो ‘लाइक’पासून, म्हणजे सारखेपणापासून आला. जे खऱ्यासारखे दिसते ते ‘लाइकली’. आपणही आभाळाकडे पाहून ‘पाऊस येईलसे दिसते’ म्हणतो ना? त्यातला ‘सा’ तोच आहे. आणि ‘परहॅप्स’मधला ‘हॅप’ म्हणजे योगायोग, दैव. एका भाषेच्या तीन शब्दांत जाणत्यांचे मत, डोळ्यांना दिसणारे साम्य आणि दैवाची खेळी असे तीन निरनिराळे आधार साठवलेले आहेत.

‘डाउट’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या देशातले निम्मे गैरसमज त्यावर उभे आहेत. ‘आय डाउट ही विल कम’ म्हणजे तो येईल असे मला वाटत नाही. आपण ‘शंका’ हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरतो. ‘तो येईल का याची शंका आहे’ यात न येण्याकडे कल, तर ‘तोच चोर असावा अशी शंका येते’ यात असण्याकडे कल. दुसऱ्या अर्थाला आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘सस्पेक्ट’ लागतो. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘आय डाउट इट्स गोइंग टु रेन’ म्हणजे पाऊस येणारसे वाटते! आणि ‘नो डाउट’ तर बेमालूम फसवा. शब्दशः ‘निःसंशय’, परंतु ‘नो डाउट ही हॅज हिज रीझन्स’ असे इंग्रज म्हणाला, तर अर्थ एवढाच, की असतील बुवा त्याची काही कारणे. संशय नाही म्हणून जो मुद्दाम सांगतो, त्याच्या मनात संशय डोकावून गेलेला असतो.

शिवाय या शब्दांचे निम्मे काम संभवाचे नसून सभ्यतेचे असते. ‘परहॅप्स यू कुड शट द डोअर’ यात ‘कदाचित’ काहीही नाही; ती आज्ञा आहे, उठावे आणि दार लावावे. ‘यू मे वेल बी राइट’ हे ऐकून आपला माणूस खूश होतो. पुढे ‘बट’ येणार आहे हे त्याला ठाऊक नसते. नरो वा कुंजरो वा ही कला आपल्या धर्मराजाला एकदाच वापरावी लागली आणि त्याचा रथ जमिनीला टेकला; इंग्रज साहेबाची ती रोजची बोली आहे, आणि त्याचा रथ काही खाली येत नाही.

इथवर हा विषय करमणुकीचा वाटला असेल. आता एक प्रसंग सांगतो, त्यात युद्धाचा प्रश्न होता. १९४८ साली युगोस्लाव्हियाचा टिटो आणि रशियाचा स्टालिन यांचे फाटले. त्यानंतर रशिया व त्याची अंकित राष्ट्रे युगोस्लाव्हियावर चालून जातील काय, ही अमेरिकेची मोठी विवंचना होती. मार्च १९५१ मध्ये अमेरिकन गुप्तवार्ता विभागाच्या अंदाजकारांनी यावर एक अहवाल तयार केला. त्याचा निष्कर्ष असा, की १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होणे ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानली पाहिजे. गंभीर शक्यता. अंदाजकारांत शर्मन केंट नावाचे गृहस्थ होते. मूळचे येल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. काही दिवसांनी परराष्ट्र खात्याच्या धोरण-विभागाचा प्रमुख त्यांना सहज विचारता झाला, की तुमच्या त्या शब्दांचा अर्थ आकड्यांत किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने पासष्ट, विरुद्ध पस्तीस. तो प्रमुख चपापला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तेच शब्द वाचून संभव पुष्कळच कमी धरला होता.

केंट परत आले व अहवाल लिहिणाऱ्या आपल्याच मंडळींना त्यांनी एकेक करून विचारले. ज्यांनी टेबलाभोवती बसून, शब्दन् शब्द घासून हे वाक्य एकमताने मंजूर केले होते, त्यांच्यापैकी कोणाच्या मनात वीस होते, तर कोणाच्या मनात ऐंशी! एकमत झाले होते ते शब्दावर. हल्ला होईल की नाही यावर एकमत झालेच नव्हते, आणि शब्द इतका ऐसपैस होता की त्याच्या छायेत दोन्ही पक्ष सुखाने बसू शकले. हल्ला झाला नाही, ही गोष्ट वेगळी. झाला असता, तरी शब्द खराच ठरला असता.

केंटनी पुढे एक मोजपट्टी बनवली, आणि १९६४ साली आपल्या खात्याच्या नियतकालिकात ती सविस्तर मांडली. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे शंभरात सुमारे ९३, ‘प्रॉबेबल’ म्हणजे सुमारे ७५, मधली बरोबरी ५०, ‘प्रॉबेबली नॉट’ सुमारे ३०, आणि ‘ऑलमोस्ट सर्टनली नॉट’ सुमारे ७. प्रत्येकात काही अंश इकडेतिकडे. तिला विरोध झाला तो खात्यातूनच. विरोधकांना केंट ‘कवी’ म्हणत आणि आपल्या बाजूच्यांना ‘गणिती’. कवींचे म्हणणे असे, की जगाच्या घडामोडी आकड्यांत बसवणे हा खोटा काटेकोरपणा आहे. आम्हांला या वादात कवींची बाजू पूर्ण टाकाऊ वाटत नाही. परंतु कवीचे शब्द वाचून सैन्य हलवायचे असेल, तर त्याने आपल्या मनातला आकडा एकदा सांगून टाकावा, हेच बरे.

न सांगितल्याने काय होते ते १९६१ मध्ये दिसले. क्यूबातील कॅस्ट्रोचे राज्य उलथण्यासाठी तेथील निर्वासितांची तुकडी उतरवण्याची योजना होती. सेनाधिकाऱ्यांनी तपासून अभिप्राय दिला, की यशाचा ‘फेअर चान्स’ आहे. हे शब्द लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात संभव शंभरात तीसच होता, असे पुढे बाहेर आले. पण ‘फेअर’ला बरा, चांगला, न्याय्य असे सगळे अर्थ आहेत, वाचणाऱ्याने आपल्या आशेप्रमाणे अर्थ घ्यावा! केनेडी नुकतेच अध्यक्ष झाले होते. एप्रिलमध्ये सुमारे चौदाशे माणसे उतरली. शंभरावर मारली गेली, हजारावर कैद झाली. एका विशेषणाने हे सारे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते विशेषण न्यायसभेत साक्षीला बोलावण्याजोगे खास आहे.

मग आकडेच बोलावेत काय? तेही तितके सोपे नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याने १९६५ पासून देशभर पावसाचा अंदाज शेकड्यात द्यायला सुरुवात केली. उद्या पावसाचा संभव तीस टक्के, म्हणजे काय? अर्थ असा, की आजच्यासारखी चिन्हे असलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवशी त्या जागी पाऊस पडेल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाच मोठ्या शहरांतील लोकांना हा अर्थ विचारला गेला होता. न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्यांनी बरोबर सांगितला. अथेन्स, बर्लिन, मिलान, ॲमस्टरडॅम येथे मात्र अधिक पसंती मिळाली ती, उद्याच्या दिवसातला तीस टक्के वेळ पाऊस पडेल, या अर्थाला. कोणी म्हणाले, तीस टक्के भागात पडेल. आकडा कळला, पण कशाचे तीस हे कळले नाही.

शिवाय मोजपट्ट्याही एकसारख्या नाहीत. हवामानबदलावर अहवाल देणारे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांचे मंडळ ‘लाइकली’ म्हणते, तेव्हा निदान ६६ असे समजायचे, आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे निदान ९०. अमेरिकन गुप्तवार्ता खात्यांच्या २०१५ च्या नियमात ‘लाइकली’ ५५ पासून ८० पर्यंत. ब्रिटिशांच्या पट्टीत तो ५५ ते ७५, आणि ‘रिअलिस्टिक पॉसिबिलिटी’ ४० पासून ५० च्या आत. जानेवारी २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत, नव्या प्रकारच्या विषाणूमुळे मृत्यूचा धोका वाढत असण्याची ‘रिअलिस्टिक पॉसिबिलिटी’ आहे, असे ब्रिटिश तज्ज्ञांनी लिहून दिले आणि पंतप्रधानांनी ती वार्ता देशाला सांगितली. असे शब्द वाचणाऱ्या किती जणांच्या खिशात ही पट्टी असते? साध्या माणसाला ‘रिअलिस्टिक’ या शब्दात खरेपणाच ऐकू येणार.

आणि आकडे मिळाले तरी निर्णय आपला आपणच घ्यावा लागतो. २०११ साली अबोटाबादच्या वाड्यात बिन लादेन आहे की नाही, यावर अमेरिकेच्या अध्यक्षांपुढे जाणत्यांनी आकडे मांडले. शोध घेणाऱ्या तुकडीचा नायक ९५ म्हणाला, खात्याचा उपप्रमुख ६० म्हणाला, कोणी ८०, कोणी ४०. ओबामांनी शेवटी, ही नाणेफेकच आहे असे समजून, हुकूम दिला. केंट हयात असते तर हळहळले असते. परंतु १९५१ पेक्षा एक गोष्ट बरी झाली: मतभेद उघड्यावर होता. शब्दाखाली झाकलेला नव्हता.

न्यायालयात हा प्रश्न फार जुना आहे. दिवाणी दाव्यात इंग्रजी कायदा ‘बॅलन्स ऑफ प्रॉबेबिलिटीज’ मागतो. तराजूचे पारडे इतके झुकले पाहिजे की घडल्याचा संभव न घडल्याहून अधिक वाटावा. न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ च्या एका निकालात हे स्वच्छ मांडले. फौजदारीत मात्र वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावे लागते. आणि हा ‘वाजवी संशय’ पंचांना समजावताना इतका घोळ होतो, की अलीकडे इंग्लंडमधले न्यायाधीश पंचांना सरळ सांगतात, तुमची खात्री झाली पाहिजे. आपल्या देशाशी याचा जवळचा संबंध आहे. १८७२ चा पुराव्याचा कायदा सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. सिद्ध झाले म्हणजे काय, याची व्याख्या करताना त्यांनी आकडा घातला नाही. एखादी गोष्ट इतकी संभाव्य वाटावी, की त्या परिस्थितीत शहाण्या माणसाने ती खरी धरून वागावे, असा त्यांच्या शब्दांचा आशय आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. व्याख्या तीच राहिली. केंटनी मनात किती हे विचारले; स्टीफनने, एवढ्यावर तुम्ही काय करायला तयार आहात, हे विचारले. आम्हांला स्टीफनचा प्रश्न अधिक खोल वाटतो. कारण गहाणखत करणारा, मुलीचे लग्न ठरवणारा किंवा पेरणीला हात घालणारा मनुष्य संभवाची टक्केवारी काढीत नाही. तो पाऊल टाकायचे की नाही हेच ठरवीत असतो.

उरला दवाखाना. आपल्याकडील स्कॅनचे आणि तुकडा तपासल्याचे अहवाल इंग्रजीत असतात, आणि त्यांची स्वतःची एक बोली आहे. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे दिसते ते त्या रोगाशी जुळते. इतर कशाशी जुळत नाही, असे त्याने म्हटलेले नाही. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे त्या रोगाकडे बोट दाखवते. ‘कॅनॉट बी एक्स्क्लूडेड’ म्हणजे तो रोग नाहीच असे म्हणता येत नाही. हा शेवटचा शब्दप्रयोग ऐकून घरची माणसे कोलमडतात, आणि पुष्कळदा तो रोग्याविषयी काही सांगतच नसतो. या यंत्राने या बाबतीत यापेक्षा अधिक दिसत नाही, एवढेच सांगत असतो. या शब्दांची चढउतार सगळे डॉक्टर एकच लावतात असेही नाही. त्यात भर आपल्या मनाची. सर्दीबाबत ‘पॉसिबल’ ऐकले तर आपण ते सोडून देतो; कर्करोगाबाबत तोच शब्द ऐकला, की डॉक्टर आपल्याला जपून सांगताहेत, खरे ते याहून वाईट आहे, असे वाटू लागते. शब्द एक, पण भीतीने त्याचे वजन दसपट होते.

म्हणून अहवाल हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा ‘काळजीचे आहे का?’ असे विचारू नका; त्याला उत्तर सभ्यतेचेच मिळेल. विचारा, ‘डॉक्टरसाहेब, असेच चित्र शंभर जणांचे आले, तर त्यांपैकी किती जणांना पुढे हा रोग निघतो?’ नेमका आकडा त्यांच्यापाशी नसेलही. पण पाचाकडचा की पन्नासाकडचा, हे त्यांच्या उत्तरात येईल. मग विचारा, ‘हे कशावरून म्हणता?’ आणि तिसरे, ‘तुमच्या स्वतःच्या घरचे माणूस असते, तर पुढची तपासणी आज केली असती की तीन महिन्यांनी?’ हा तिसरा प्रश्न स्टीफनचा आहे.

औषधाच्या डबीतल्या घडीपत्रकाचे सांगून पुरे करतो. युरोपातील नियमाप्रमाणे त्यात एखादा त्रास ‘कॉमन’ म्हणून छापला, तर तो शंभरात एकापासून दहा जणांपर्यंत होतो. ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एकापासून दहापर्यंत. पण इंग्लंडमध्ये साध्या लोकांना विचारले, तेव्हा ‘कॉमन’ या शब्दावरून त्यांनी याच्या कितीतरी पट संभव धरला. ही त्यांची मातृभाषा, बरे का! तेव्हा तेथील पत्रकांत आता शब्दाबरोबर, दहा जणांत एकापर्यंत होऊ शकेल, असा आकडाही छापतात. ती ओळ लहान टायपात असते, व तीच आधी वाचावी.